चांगुणाचा कप

सोमेश्वर पाटलाचं ते रील माझ्या लेकीनं, आकांक्षानं, मला ऐन जेवणात दाखवलं आणि हातातला घास हातातच राहिला. डोक्याला फेटा, गळ्यात दोरखंडासारखी चेन, मागं सनई, आणि हातात तामचिनीचा एक कप. "मित्रांनो, हा कप साधासुधा न्हाई," गडी सांगत होता. "करंजीच्या राजेसाहेबांच्या गादीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्यांनी हा मानाचा कप आमच्या आजोबांना स्वतःच्या हातानं दिला. आमच्या घराण्यानं तो देवासारखा जपला. येत्या रविवारी आपल्या हॉटेल राजवारसाच्या उद्घाटनाला याच कपातून पहिला घोट घेणार हाय!"

देवासारखा म्हणे. मेल्याला लाज कशी वाटत नाही, मी मनात म्हटलं. तोवर मला त्या कपाबद्दल काहीच ठाऊक नव्हतं, पाटलाच्या घरातलं देवासारखं जपणं मात्र चांगलं ठाऊक होतं.

कपावर राजाचं चित्र होतं. मिशा, तुरा, गळ्यात मोत्यांच्या माळा, वर सोनेरी काठ. मग सोमेश्वरनं कप उलटा करून बूड दाखवलं. बुडावर ओरखडे काढून केलेलं एक गोल आणि गोलाखाली आडवी रेघ. "आणि ही राजेसाहेबांची गुप्त मुद्रा. सूर्य आणि राजदंड!"

माझा बा शेजारी बाजेवर पडलेला होता. सोनाजी त्याचं नाव, नव्वदीला आलेला. कान गेलेत, पाय गेलेत, पण मोतीबिंदू काढल्यापासून डोळे असे की तांदळातला खडा बाजेवरून दिसतो. त्यानं आकांक्षाच्या हातातून फोन ओढून घेतला.

"मागं घे. पुन्ना दाव ते."

तिनं दाखवलं. बानं फोन डोळ्यांपाशी नेला. मग म्हणाला, "भाकर आन काठी."

"काय आजोबा? तो तर सूर्य म्हणतोय," तिनं त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं.

"सूर्य न्हाई तो, भाकर हाय. आन खाली काठी. माह्या मायची खूण. आमच्या समद्या भांड्यायवर असायची." त्याचा आवाज एकदम लहान पोरासारखा झाला. "रुक्मा, चांगुणाचा कप हाय ह्यो. खूण मीच केली व्हती, खिळ्यानं. तेवढा आणून दे मला. मरायच्या आदी एकदा हातात दे."

चांगुणा म्हणजे बाची थोरली बहीण, माझी आत्या. तिच्याविषयी आमच्या घरात कुणी बोलत नसे. ती गढीच्या बारवेत बुडून गेली एवढंच मला माहीत होतं. बाकीचं बानं त्या दिवशी सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडं पाहिलं नाही. मला आता ते सांगवत नाही. पण सांगते.

करंजीचा राजा काही मोठा राजा नव्हता. निजामाच्या राज्यातला जहागीरदार, पण थाट असा की सूर्य त्याला विचारून उगवतो. गादीला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यानं स्वतःच्या तोंडाचे कप करून मागवले आणि दवंडी पिटवली, घरटी एक कप आणि कपात एक बुंदीचा लाडू. बा तेव्हा सात-आठ वर्षांचा. चांगुणा त्याच्याहून थोडी मोठी, दहा-अकराची. घरात पितळ नाही, काच नाही, मातीची दोन गाडगी आणि जर्मन धातूची एक ताटली. पोरीनं आठ दिवस कप-कप केलं. मायला म्हणायची, पैला घोट मी पिनार.

गढीच्या पुढच्या दारानं गावकरी, आणि आपली माणसं मागच्या दारानं, बारवेच्या काठाला उभी. सकाळपासून उन्हात. पुढच्यांचं सगळं उरकल्यावर मागं वाटप सुरू झालं. वाटप कसलं, शिवाशीव नको म्हणून शिपाई कठड्यावर उभं राहून वरून कप सोडत होते आणि खाली बायका पदर पसरून झेलत होत्या. लाडू वेगळा, तोही वरूनच. मातीत पडला की फुंकून खायचा. चांगुणानं फ्रॉकचा... नाही, फ्रॉक कुठला आला, परकराचा ओचा धरला आणि कप झेलला. लगेच भावाला म्हणाली, सोन्या, खूण कर, न्हाईतर बदलंल.

आता ही खूण म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. पंगतीला, लग्नाला, मयताला आपली माणसं आपापली भांडी घेऊन जायची. भांडी एकमेकांत मिसळायची. ज्यांच्याकडं चार पैसे ते तांबटाकडून नाव घालून घेत. आपल्याला अक्षर कुठं येत होतं? म्हणून घरोघरी खुणा. कुणाचा विंचू, कुणाचा नांगर. आमची भाकर आणि काठी. बानं तिथंच खाली बसून खिळ्यानं तामचिनी खरवडली आणि खूण केली. त्याच्या हाताला रक्त आलं तरी केली.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं की कप संपले. पुढच्या दाराची गर्दी, ज्यांना एक मिळाला होता तेही दुसऱ्यासाठी, वळसा घालून मागं घुसली. शिपायांनी वरून काठ्या चालवल्या. दारं लावून घेतली. मागं भिंत, पुढं बारव. माणसं बारवेत पडली, पडणाऱ्यांवर पडली. बाला मायनं केसाला धरून ओढलं म्हणून तो वाचला.

किती गेले ते कुणी मोजलं नाही. मढी काढायचं काम पुन्हा आपल्याच माणसांवर आलं, ते तर आपल्याच वाट्याचं ना! चांगुणा निघाली तेव्हा कप तिच्या मुठीत होता. आणि ऐका, आता ऐका. पाटील, म्हणजे ह्या सोमेश्वरचा आजा, काठावर तोंडाला धोतराचा सोगा लावून उभा होता. तो म्हणाला, कप सरकारी माल हाय, गोळा करा. मेलेल्या पोरीची बोटं एकेक करून उघडली. माय कप सोडत नव्हती म्हणून तिच्या हातावर काठी मारली. सगळे कप पोत्यात गेले. दुसऱ्या दिवशी बारव बाटली म्हणून ब्राह्मण बोलावून शुद्ध केली, आणि तिसऱ्या दिवशी गढीसमोर ठरल्याप्रमाणं कुस्त्या झाल्या.

राजाच्या तोंडाचा कप. थू!

एवढ्यावर संपलं असतं तरी मी समजले असते. बा तरणा झाला, त्याचं लग्न झालं, आणि तो पाटलाच्या मळ्यात कामाला लागला. पहिल्याच दिवशी न्याहारीला चहा. पाटलाच्या वाड्याच्या बाहेरच्या भिंतीत एक देवळी होती, त्यात आपल्या माणसांसाठी एक कप पालथा घातलेला असे. नर्मदाबाई, सोमेश्वरची आई, तेव्हा नवी नवरी. तिनं उंबऱ्यातून हात लांब करून वरून धार सोडली. बा चहा प्याला. मग नियमाप्रमाणं कप आपणच धुवायचा, म्हणून त्यानं तो उलटा केला आणि बुडावरची खूण दिसली.

"तिच्या कपातून च्या प्यालो मी," बा म्हणाला. "ज्यातून तिला येक घोटबी भेटला न्हाई त्यातून. त्यायनं पोत्यातून उचलला आन आमालाच उष्टा ठुला. शेताच्या धुऱ्यावर जाऊन वकलो मी, रुक्मा. आतडी बाहेर येतील असा वकलो."

म्हणजे बघा. मेलेल्या पोरीच्या हातातून सोडवलेला कप पाटलानं घरात तर घेतला नाही, कारण तो आमच्या पोरीच्या हातातला. पण फुकटचा म्हणून टाकूनही देववेना. मग बाहेर ठेवला, आमच्यासाठी! मला सांगा, ह्याला काय म्हणायचं? मी चाळीस वर्षं नर्स होते, गँगरीनचे पाय धुतले, किडे पडलेल्या जखमा साफ केल्या, पण अशी शिसारी कधी आली नाही.

बानं कप परत मागितला होता. पाटलानं हसून सांगितलं, पितो तर पी, न्हाईतर राहू दे. बानं काम सोडलं आणि रस्त्याच्या गँगवर गेला. तेव्हापासून त्यानं घराबाहेर कुणाकडं चहा घेतला नाही. आम्हाला वाटायचं, बाला बाहेरचा चहा सोसत नाही. पुढं पाटलाचा वाडा पाडून बंगला झाला, देवळी गेली, आणि बाला वाटलं कपही गेला. तो माळ्यावरच्या अडगळीत होता, आणि आता सोमेश्वरच्या हातात लागला.

दुसऱ्या दिवशी मी हिंगोली रस्त्यावर त्याच्या हॉटेलात गेले. रंगकाम चालू होतं. कप काचेच्या पेटीत, खाली लाल मखमल.

"या शिस्टर, या!" सोमेश्वर उठून उभा राहिला. लहानपणी ह्याला डोस मीच पाजले. ह्याच्या बायकोची गाडी ओढ्यावर अडकली तेव्हा ह्याची पोरगी माझ्या ह्याच दोन हातांनी जगात आली. "बोला, काय तकलीफ हाय?"

मी चांगुणाचं, बारवेचं सगळं सांगितलं; देवळीचं मात्र तोंडातून निघेना. शांतपणे सांगितलं, माझं मलाच नवल वाटलं. त्यानं ऐकलं, मधून मान हलवली, चुकचुकला. "अरेरे. लहान लेकरू. लई वाईट झालं." मग म्हणाला, "पण शिस्टर, पुरावा काय? गोल आन रेघ तर कुनीबी वढंल."

"मग तू तिला राजाची मुद्रा काहून म्हणून राहिला?"

"ते मार्केटिंग हाय हो!" तो मोठ्यानं हसला. "लोकायला राजा पायजे. मेलेल्या पोरीचा कप म्हणलं तर कोन जेवंल इथं?"

तेवढ्यात चहा आला. त्याला आणि तिथं बसलेल्या ठेकेदाराला कपबशीत. मला कागदी कपात.

मी त्या कागदी कपाकडं बघतच राहिले. त्यानं ते ताडलं. "तुमी दवाखान्यातल्या, तुमाला स्वच्छता लागती ना, म्हणून मुद्दाम नवा काढाय लावला."

बघा किती काळजी! भिंतीतली देवळी गेली, आता पाकिटातून येते. मी कप तसाच टेबलावर ठेवला आणि उठले. तो मागून म्हणाला, "रविवारी या बरं. पैल्या लायनीत बसवतो. तुमच्या हातानं नारळ फोडू!"

घरी बा दारातच. म्हणजे बाजेवरच, पण बाज त्यानं दाराकडं ओढायला लावलेली. "आणला का?"

"देतो म्हणलाय," मी खोटं बोलले.

रोज तेच. आणला का, आणला का. जेवण कमी झालं त्याचं. आकांक्षा म्हणाली, आई, आपण पोलिसात जाऊ. मी म्हटलं, जाऊन काय सांगू, तामचिनीचा कप चोरीला गेलाय, निजामाच्या काळात? हसतील आपल्याला. बाचा श्वास लागायला लागला तसा मला एकच घोर लागला, की कप हातात पडायच्या आधीच हा जाईल, आणि जाताना दाराकडं बघत जाईल.

म्हणून रविवारी मी गेले. सगळ्यांसमोर मागायचा असं ठरवून गेले.  मांडव, लाउडस्पीकर, गावोगावचे सरपंच, हळदीचे व्यापारी. पहिली रांग पुढाऱ्यांनी भरली होती, मला शेवटच्या रांगेत खुर्ची मिळाली. आकांक्षा शेजारी. पुढं सोफ्यावर नर्मदाबाई. म्हातारी झाली आता, डोक्यावर पदर, हातात जपमाळ. गावातच राहते ती, सोमेश्वर हिंगोलीत. तिला सकाळी गाडीत घालून आणलं होतं आणि फीत कापायला हाताला धरून उभं केलं होतं.

नारळ दुसऱ्याच कुणी फोडला. मग सोमेश्वर माइकवर आला, राजाचं नाव घेतलं, घराण्याचं नाव घेतलं, आणि काचेच्या पेटीतून कप काढला. वेटरनं त्यात हळदीचं गरम दूध ओतलं. "आपल्या हिंगोलीची हळद, राजेसाहेबांचा कप, आन आमच्या घराण्याचा मान!" टाळ्या पडल्या. कॅमेरे पुढं झाले. त्यानं कप ओठाला लावला आणि डोळे मिटून मोठा घोट घेतला.

मी उठले. तोंड उघडलं. पण माझ्या आधी दुसरंच कुणी ओरडलं.

"अरे सोम्या! थुक! थुक ते!"

नर्मदाबाई सोफ्यावरून अर्धी उठली होती. जपमाळ खाली पडली होती. "तोंड लावू नको त्याला! भाईरच्या देवळीतला कप हाय तो! त्यायचा हाय!" आणि तिनं आमच्या जातीचं जुनं नाव घेतलं. मी ते माझ्या तोंडानं पुन्हा घेणार नाही. "माह्या हातानं त्यात च्या वतला मी त्यायला, वरून वतला! काठाला टवका हाय बघ! थुक आदी!"

माइक चालू होता. सगळ्या मांडवानं ऐकलं.

आणि तो थुंकला हो. सगळ्यांसमोर, नव्याकोऱ्या फरशीवर, हळदीचं पिवळं दूध. कप टेबलावर आपटला, दूध मखमलीवर सांडलं. रुमालानं ओठ पुसले, जीभ पुसली, जीभ! मग बेसिनकडं पळाला आणि घशात बोट घालून खाकरत राहिला. वेटर बिचारा पाण्याची बाटली घेऊन मागं उभा.

ते बघताना मला कळलं. एक पोरगी ह्या कपापायी बुडून मेली, तिच्या मुठीतून तो सोडवला, हे मी ह्या माणसाला स्वतः सांगितलं होतं. ते ऐकूनही तो त्यातून प्याला. ते त्याला गिळवलं. आमच्या माणसांचे ओठ तेवढे गिळेनात.

मांडवात कुणी खाली बघत होतं, कुणी हसू दाबत होतं, एक पुढारी हळूच मागच्या मागं निघाला. मी खुर्च्यांमधून चालत गेले. भाषण वगैरे काही केलं नाही, जे करायचं ठरवलं होतं ते सगळं विसरले. टेबलावरचा कप उचलला, उरलेलं दूध मखमलीवर ओतलं, आणि कप उलटा करून नर्मदाबाईच्या डोळ्यांसमोर धरला.

"ही खूण दिसती का काकू? माझ्या बानं केलेली हाय. आता आमचा कप मी नेते."

ती मागं सरकली. माझा पदर लागेल म्हणून सरकली. पदर हो! हिची नात मी ह्याच हातांनी काढली, नाळ कापली, तेव्हा हीच माझ्या पाया पडायला आली होती.

सोमेश्वर बेसिनकडून परतला, तोंड ओलं, फेटा सुटलेला. मला वाटलं अडवेल. तो लांबूनच हात हलवत म्हणाला, "न्या, न्या शिस्टर. लवकर न्या तो हितून." जसं काही मेलेला उंदीर न्यायला सांगतोय.

बाहेर येऊन मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि रडू फुटलं. आकांक्षानं मला धरलं. "आई, मिळाला ना? मग रडतेस काहून?"  मागून मिळाला असता तर आनंद झाला असता. हा असा मिळाला, किळस येऊन टाकून दिलेला. बाला काय सांगू, असं वाटत राहिलं सगळ्या रस्त्यानं.

बा बाजेवर बसलेला होता. मी कप त्याच्या हातात दिला. त्यानं राजाच्या तोंडाकडं पाहिलंसुद्धा नाही. कप उलटा केला आणि अंगठा खुणेवरून फिरवला. गोलावरून, मग रेघेवरून.  मग त्यानं कप सरळ केला, आत पाहिलं आणि नाक आखडलं.

"आत पिवळं काय लागलंय?"

मी सांगितलं. लपवायचं म्हटलं तरी आकांक्षानं सांगितलंच असतं. सोमेश्वर त्यातून दूध प्याला, त्याची आई ओरडली, तो थुंकला, सगळं सांगितलं. बाच्या कानाशी तोंड नेऊन, ओरडून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं.

बानं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी पाटलाच्या पोरानं तोंड लावलं ह्याला?"

"व्हय बा. लावलं."

बानं कप दोन बोटांत धरून माझ्यापुढं केला, हात लांब करून.

"मंग घरात नेऊ नको. बाहेर नळापाशी ने. राखंनं घास चांगला, दोन-तीन बार घास. वास जाऊदी त्याचा." मग उशीवर डोकं टेकून म्हणाला, "मंग च्या ठू. पैला घोट तिच्या नावानं सांड, आन उरलेला मला दे."